हूल देण्यामागचें गणित

हातीं हलकीं पानें असतां मोठी रक्कम लावून प्रतिपक्षास माघार घ्यावयास लावणें, हीच पोकरमधील हूल. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्सकडे रुजला व मिसिसिपी नदीच्या आगबोटींतून पसरला. हूल म्हणजे निव्वळ लबाडी, असा समज तेव्हांपासूनचाच.

जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञांनीं तो खोडून काढला. १९२८ सालीं त्यांनीं खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ सालीं अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरचें विवेचन केलें.

श्रोत्यांनीं एक उदाहरण पाहावें. डावांत शंभर रुपये जमले असून शेवटीं एकानें आणखी शंभर लावले. तो कधींच हूल देत नसेल, तर दुसरा शहाणा होऊन पानें टाकील आणि पहिल्याचीं उत्तम पानें फुकट जातील. तो नेहमींच हूल देईल, तर दुसरा शंभर भरून त्यास उघडा पाडील. मात्र दोनदां सबळ पानें व एकदां हूल, असें प्रमाण राखल्यास दुसऱ्यानें शंभर भरले काय न भरले काय, त्याचा हिशेब सारखाच. हूल द्यावी तीही अगदीं टाकाऊ पानांवर. मध्यम पानें उघडून जिंकण्याची आशा असते.

२०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं संगणकाकरवीं दोघांच्या मर्यादित पोकरचें कोडें जवळजवळ पूर्ण सोडविलें. त्या उत्तरांतही हूल आहेच. मात्र अशा प्रमाणानें नुकसान आवरतें, धनलाभाची हमी मिळत नाहीं.