२७३४ : समुद्रतळावरचा एक आकडा

'द लिटल प्रिन्स' लिहिणारा आंत्वान द सँत-एक्झुपेरी हा पेशाने वैमानिक होता. ३१ जुलै १९४४ रोजी तो कॉर्सिका बेटावरच्या बोर्गोहून एकटाच उडाला. काम होतं ग्रेनोबल-आनसीच्या बाजूची हवाई छायाचित्रं घेण्याचं. तो परत आलाच नाही. पुढची पन्नासहून जास्त वर्षं त्याच्याबद्दल तर्कच चालले होते. इंजिन बिघडलं, ऑक्सिजन संपला, शत्रूने पाडलं, आत्महत्या केली... जो तो आपापली कथा सांगे.

मेथडॉलॉजीच्या पेपरला 'प्राथमिक साधन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दफ्तरं, पत्रं, फार तर शिलालेख येतात. गंजलेला पत्रासुद्धा साधन असू शकतो, आणि त्यालाही कागदाइतकेच खोचक प्रश्न विचारावे लागतात, हे दाखवायला मला या विमानाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सुचत नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये मार्सेयजवळच्या रिऊ बेटालगत एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीची साखळी आली. तिच्यावर सँत-एक्झुपेरीचं नाव, पत्नी कॉन्सुएलोचं नाव आणि न्यूयॉर्कमधल्या त्याच्या प्रकाशकाचा पत्ता कोरलेला. झालं, प्रश्न सुटला असं वाटेल. पण उलट संशय वाढला. मार्सेय त्याच्या परतीच्या मार्गापासून बरंच पश्चिमेला आहे. एवढ्या मोठ्या समुद्रात नेमकी नाव कोरलेली साखळीच कशी सापडते? बनावट असल्याचे आरोपही झाले. आणि साखळी खरी मानली तरी ती काय सांगते? एक वस्तू तिथे पडली होती, एवढंच. विमान तिथे होतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

लुक व्हानरेल या पाणबुड्याला त्या भागात विखुरलेले अवशेष आढळले होते. २००० साली त्याने जाहीर केलं की हे लाइटनिंग, म्हणजे लॉकहीडचं पी-३८ आहे. हे विमान ओळखायला तुलनेने सोपं. दोन इंजिनं, त्यांच्यामागे शेपटीपर्यंत गेलेले दोन दांडे, त्या दांड्यांवर टर्बोसुपरचार्जर. एका इंजिनाच्या साध्या लढाऊ विमानात असं काही नसतं. पण लाइटनिंग हजारोंच्या संख्येने बनली होती आणि भूमध्य समुद्रात इतरही पडली होती. त्यामुळे पुढची पायरी उपप्रकाराची. सँत-एक्झुपेरीचं विमान एफ-५बी होतं. म्हणजे पी-३८ च्या 'जे' मालिकेतलं, तोफाबंदुका काढून त्यांच्या जागी कॅमेरे बसवलेलं. 'जे' मालिकेत इंजिन थंड ठेवण्याची रचना बदलली होती, त्यामुळे आधीच्या मालिकांचे भाग आणि हिचे भाग वेगळे काढता येतात. असं वर्तुळ लहान होत जातं.

त्याच जागी आणखी एक इंजिन मिळालं आणि गुंता झाला. तेही बारा सिलिंडरचं, 'व्ही' आकाराचं. लाइटनिंगची अ‍ॅलिसन इंजिनंही तशीच. फरक असा की अ‍ॅलिसनमध्ये सिलिंडर वरच्या बाजूला असतात आणि जर्मन डायम्लर-बेंझमध्ये खाली, म्हणजे उलटा 'व्ही'. हे इंजिन डायम्लर-बेंझचं निघालं. ते १९४३ च्या अखेरीस पडलेल्या एका मेसरश्मिटचं होतं आणि त्यातला तरुण जर्मन वैमानिकही तेव्हापासून बेपत्ता होता. पुरातत्त्वाचे विद्यार्थी थर मिसळण्याबद्दल वाचतात ना, तसंच हे. एकाच जागी सापडलं म्हणून एकाच घटनेचं असतं असं नाही. घाईत कोणी म्हटलं असतं, 'दोघांची टक्कर झाली', तर तीही एक झकास कथा झाली असती!

परवानगी मिळायला वेळ लागला. २००३ मध्ये काही भाग वर काढले. टर्बोसुपरचार्जरजवळच्या एका पत्र्यावर, घासून साफ केल्यावर, चार आकडे दिसले : २७३४. हा लॉकहीड कारखान्याचा क्रमांक. लष्कराचा क्रमांक वेगळा असे; त्यात आधी खरेदीचं आर्थिक वर्ष आणि मग अनुक्रम. नोंदींमध्ये कारखान्याच्या २७३४ समोर लष्करी क्रमांक आहे ४२-६८२२३. सँत-एक्झुपेरी ३१ जुलैला जे विमान घेऊन गेला, त्याचा क्रमांक हाच. एप्रिल २००४ मध्ये फ्रान्सच्या सागरी पुरातत्त्व विभागाने ओळख पक्की झाल्याचं जाहीर केलं.

इथे एक शंका तुम्ही घ्यायलाच हवी. दुरुस्तीच्या वेळी एका विमानाचा पत्रा दुसऱ्याला बसवत नसतील कशावरून? बसवत असत. म्हणून एकट्या आकड्यावर सगळा भार टाकणं मला धोक्याचं वाटतं. इथे तो भार चौघांनी उचलला आहे : 'जे' मालिकेचे भाग, आकडा, त्याच परिसरातली साखळी आणि उड्डाणाची नोंद. यातलं एकही दुसऱ्यावरून काढलेलं नाही, म्हणून ती ओळख टिकते. आणि संशयात अडकलेली ती साखळीही या पत्र्यामुळे पुन्हा विश्वासार्ह ठरली.

विमान कुठे पडलं ते कळलं. का पडलं, ते मात्र या पत्र्यांना विचारून उपयोग नाही. २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट या माजी जर्मन वैमानिकाने 'ते मी पाडलं' असं सांगितलं, पण त्याला जर्मन हवाई दलाच्या नोंदींचा आधार मिळाला नाही. वर काढलेल्या भागांवर गोळ्यांची भोकं नाहीत, हे त्याच्या विरोधात वापरलं जातं. पण वर काढलाय तो विमानाचा थोडासाच भाग. उरलेल्या भागावर भोकं असतील किंवा नसतील. मिळालेले तुकडे आता पॅरिसजवळच्या ल बुर्जे इथल्या हवाई संग्रहालयात आहेत.