ब्रेकची उष्णता आणि ले मान्सची शर्यत

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: किती अश्वशक्ती, किती वेग, कोणाचा विक्रम कोणी मोडला. १३ व १४ जून १९५३ रोजी फ्रान्समधील ले मान्स येथे झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतीचा निकाल मात्र गाडी थांबवणाऱ्या यंत्राने लावला.

ले मान्सच्या सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत तेव्हा मुल्सानचा जवळपास सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता. वेगवान गाड्या तेथे ताशी २४० किलोमीटरच्या आसपास पोहोचत, आणि टोकाला एकदम तीव्र वळण. एक टन वजनाची गाडी २४० वरून ५० वर आणायची, तर तिच्या गतीतून जितकी उष्णता निर्माण होते, तितकीवर साधारण साडेसहा लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता काही सेकंदांत चार चाकांच्या लोखंडात शिरते. विजेत्या गाडीने अशा ३०४ फेऱ्या केल्या.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असत. फिरत्या भांड्याच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू, त्यांवर लायनर. पेडल दाबले की शू बाहेर पसरून भांड्याच्या आतल्या भिंतीवर घासतात. ही रचना तापली की स्वतःच्याच विरुद्ध जाते. ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल अधिकाधिक खोल जाते. उष्णता बंद भांड्यात कोंडते आणि लायनरची पकड सुटत जाते. बोर घाट उतरणाऱ्या लादलेल्या ट्रकमागे ज्याने तो जळका वास घेतला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन थांबवण्याची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. उघडी चकती वाऱ्यावर थंड होते, आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेने फुगते. अडचण पॅडची होती. लँचेस्टर यांनी तांब्याचे पॅड वापरले. ते लवकर झिजत आणि कर्कश किंचाळत.

घर्षणासाठी योग्य पदार्थ शोधण्याचे काम डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड करत होते. तेथील गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकला जुने बूट ठोकतात, हे पाहून त्यांना कल्पना सुचली असे सांगितले जाते. १८९७ मध्ये त्यांनी सुरू केलेला व्यवसाय पुढे ‘फेरोडो’ नावाने प्रसिद्ध झाला (नावात फ्रूड यांच्याच आडनावाची अक्षरे आहेत). प्रथम कापसाचे विणीव पट्टे आले, मग अॅस्बेस्टॉसचे. जळत नाही, विणता येते, स्वस्त मिळते. पुढची अनेक दशके जगातील वाहने या तंतूवर थांबत राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांना डिस्क ब्रेक बसू लागले होते. डनलॉप कंपनीने तो अनुभव मोटारीकडे वळवला आणि जॅग्वारने आपली सी-टाइप गाडी चाचणीसाठी दिली. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती पुन्हा पुन्हा थकेपर्यंत पळवली आणि थांबवली. तेव्हा कळले की चकती टिकते, पण उष्णता पॅडमधून मागे सरकून कॅलिपरमधील द्रव उकळवते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल सरळ फळीला टेकते. एका जागेची उष्णता हटवली की ती दुसरी दुर्बल जागा शोधते. ब्रेकचा पुढचा सारा इतिहास याच पाठलागाचा आहे.

१९५२ च्या ‘मिले मिलिया’ शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि ड्यूइस डिस्कची गाडी घेऊन उतरले. ती पूर्ण करू शकले नाहीत. त्याच जूनमध्ये फ्रान्समधील रेंस येथे मॉस यांनी ती जिंकून आणली. पुढच्या वर्षी ले मान्सला टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप पहिली आली, मॉस आणि पीटर वॉकर यांची दुसरी. विजेत्यांची सरासरी ताशी सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे या शर्यतीत प्रथमच १०० मैलांच्या वर. तिसरी आलेली अमेरिकी कनिंगहॅम सरळ रस्त्यावर जॅग्वारपेक्षा वेगवान होती, पण तिला ड्रम होते. तिच्या चालकांना वळणाच्या बरेच आधी पाय दाबावा लागे. (रोल्ट आणि हॅमिल्टन रात्रभर मद्यप्राशन करून शर्यतीत उतरले ही कथा समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते. संघाचे व्यवस्थापक लॉफ्टी इंग्लंड यांनी तिचा इन्कार केला होता.)

दोन वर्षांनी याच रस्त्यावर शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला. ११ जून १९५५ रोजी माइक हॉथॉर्न यांनी जॅग्वार डी-टाइप पिटकडे वळवत जोरात ब्रेक लावला. मागचे लान्स मॅकलिन त्यांना चुकवण्यासाठी बाजूला झाले आणि पियर लेवे यांची मर्सिडीज त्यांच्या ऑस्टिन-हीलीवर चढून प्रेक्षकांकडे उडाली. लेवे आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते आणि पाठीवर उघडणारा हवेचा अडसर होता, म्हणून ‘डिस्क विरुद्ध ड्रम’ असे सुटसुटीत स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते पुरेसे नाही. मॅकलिन यांच्या हीलीलाही डिस्कच होते. अधिक खरे कारण त्या अरुंद रस्त्याचे. कितीतरी संथ गाड्यांसाठी आखलेल्या जागेत, पिट आणि धावपट्टी यांच्यामध्ये भिंत नसताना, वेग आणि थांबण्याची क्षमता दोन्ही फार वेगवेगळ्या असलेल्या गाड्या एकत्र धावत होत्या.

दुसरी किंमत रस्त्यापासून दूर, गिरणीत मोजली जात होती. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या फुफ्फुसांत त्या तंतूंचे कण सापडले, आणि डॉ. विल्यम कुक यांनी ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कंपनीने भरपाई नाकारली. कारखान्यांसाठीचे ब्रिटिश नियम १९३१ मध्ये आले. ब्रिटनमधील उरलेली बंदी १९९९ मध्ये. ज्या वस्तूमुळे लाखो लोक उतारावर सुखरूप थांबले, तिचे हे दुसरे खाते शर्यतींच्या पुस्तकांत क्वचितच उघडले जाते.

१९५५ च्या सित्रोएन डीएसपासून पुढच्या चाकांचे डिस्क मोठ्या उत्पादनाच्या मोटारीत आले. मग चकतीच्या पोटात हवेसाठी पोकळ्या आल्या, तापलेल्या पॅडमधील वायू निसटावा म्हणून छिद्रे आणि खाचा आल्या. १९७६ मध्ये ब्रॅभम संघाने फॉर्म्युला वनमध्ये कार्बनच्या ब्रेकचे प्रयोग केले. कॉन्कॉर्ड विमानात तो पदार्थ आधीच होता.

आज स्वतःची गाडी शर्यतीच्या धावपट्टीवर दिवसभर चालवण्याच्या ‘ट्रॅक डे’ला जे नियम सांगितले जातात, त्यांत ही सारी वंशावळ दिसते. रस्त्याचा पॅड थंड असतानाच पकडतो आणि धावपट्टीच्या उष्णतेत ढेपाळतो. शर्यतीचा पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाही, म्हणून तो सकाळच्या पहिल्या सिग्नलला घातक ठरू शकतो. गॅरेजांत ज्याला सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात तो द्रव हवेतील ओलावा शोषतो. नवा डॉट ४ द्रव किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा मुरल्यानंतरच्या द्रवासाठी ती मर्यादा १५५ पर्यंत घसरते. ड्यूइस यांच्या पायाखाली जे घडले ते टाळायचे, तर धावपट्टीवर जाण्याआधी द्रव ताजा हवा.

नवे पॅड घातल्यावर वाढत्या वेगांवरून अनेकदा ब्रेक लावून, पण पूर्ण न थांबता, पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसवून घ्यावा लागतो. शेवटची फेरी संथ घ्यायची आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेला पॅड एका जागी चिकटून राहिला तर तेथे थर जमतो आणि पुढे पेडल थरथरते. पुष्कळ जण त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात आणि चांगली चकती फेकून देतात. खरी फेकायची चकती वेगळी: जिच्यावरील छिद्रांपासून तडे कडेकडे निघाले आहेत, किंवा जी तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली झिजली आहे.

जुन्या गाडीचा ड्रम उघडताना आतील काळी धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. ते लायनर कोणत्या वर्षीचे आणि कशाचे आहेत, हे नुसते पाहून ओळखता येत नाही.