बॅराकुडा ७२००.११ : एका सदोष फर्मवेअरचा व त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

१

अभिलेखांचा नाश कशाने होतो, ह्याचा विचार करताना आपण बहुधा वाळवी, दमट हवा, आग, पूर आणि माणसाचा हलगर्जीपणा ह्यांचीच गणना करतो. ह्या सर्व कारणांत एक गोष्ट समान आहे. ज्या द्रव्यावर मजकूर उमटलेला असतो, ते द्रव्यच त्यांच्यायोगे नष्ट होते. कागद गेला की अक्षर गेले. संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठविलेल्या अभिलेखांच्या बाबतीत मात्र ही समजूत पुरेशी ठरत नाही. तेथे द्रव्य शाबूत, अक्षरही शाबूत, आणि तरीही अभिलेख हाती लागत नाही, असा प्रकार घडू शकतो. २००८ च्या अखेरीस व २००९ च्या आरंभी सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ ह्या मालिकेतील हार्ड डिस्कांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्या घटनेचे कारण काय होते, तीवर कोणी व कसा उपाय शोधला, आणि अभिलेखांचे जतन करू इच्छिणाऱ्याने तीपासून काय घ्यावे, ह्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहणे अगत्याचे आहे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. सीगेटने १९८० साली लहान संगणकांसाठी काढलेल्या एसटी-५०६ ह्या डिस्कची क्षमता ५ मेगाबाइट होती. ह्या जुन्या यंत्रांत एक साधेपणा होता. चकती फिरवावयाची, हेड पुढेमागे सरकवावयाचे, एवढेच काम डिस्क करी. कोठे काय लिहावयाचे ह्याचा हिशेब संगणकात बसविलेले वेगळे नियंत्रक कार्ड ठेवी.

१९८०–९० ह्या दशकात हे नियंत्रण खुद्द डिस्कच्या सर्किट बोर्डावर आले. तेव्हापासून प्रत्येक हार्ड डिस्क हा एक स्वतंत्र छोटा संगणकच झाला. तिच्यात प्रोसेसर आला, स्मृती आली, आणि त्या प्रोसेसरला चालविणारी आज्ञावली आली. ह्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ॲशर ऑप्लर ह्यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ ह्या नियतकालिकात हा शब्द प्रथम योजला, तेव्हा त्यांच्या मनात प्रोसेसरच्या अंतर्गत सूक्ष्म आज्ञा होत्या. पुढे शब्दाचा अर्थ विस्तारला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. आधुनिक डिस्कचे सर्व फर्मवेअर सर्किट बोर्डावरील चिपमध्ये नसते. त्याचा बराचसा भाग, त्याचप्रमाणे डिस्कच्या कामकाजाच्या नोंदी व सदोष जागांच्या याद्या, चकत्यांवरील काही राखीव पट्ट्यांवर लिहिलेल्या असतात. हे पट्टे वापरणाऱ्यास कधीच दिसत नाहीत. डिस्कला वीज मिळाली की ती प्रथम ह्या राखीव पट्ट्यांवरील मजकूर वाचते आणि मगच संगणकाशी बोलू लागते. प्रस्तुत प्रकरणाचे मूळ ह्याच पहिल्या वाचनात आहे.

३

बॅराकुडा ७२००.११ ही मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, घरगुती व कार्यालयीन संगणकांसाठी केलेली डिस्क होय. ५०० गिगाबाइट, १ टेराबाइट व १.५ टेराबाइट ह्या तिच्या क्षमता विशेष खपल्या. २००८ च्या अखेरीस तिच्याविषयी चमत्कारिक तक्रारी येऊ लागल्या. आदल्या दिवशी उत्तम चाललेली डिस्क दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच निकामी होई. कोणताही खडखडाट नाही, पूर्वसूचना नाही. मोटर नेहमीप्रमाणे फिरे, पण संगणकाला डिस्क ओळखूच येत नसे. काही प्रकरणांत ती ओळखली जाई, परंतु तिची क्षमता शून्य दाखविली जाई. पहिल्या प्रकारात डिस्क आपण कामात असल्याचाच संकेत सतत देत राही. त्यामुळे संगणकाची एकही आज्ञा ती स्वीकारीत नसे.

कंपनीने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणावरून कारण उघड झाले. डिस्क आपल्या कामकाजातील घटनांची एक नोंदवही राखीव पट्ट्यांवर ठेवी. ही नोंदवही चक्राकार होती. म्हणजे शेवटचे पान भरले की पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयाचे. तिची मर्यादा ३२० नोंदींची होती, परंतु ही शेवटची सीमा ठरविताना फर्मवेअरमध्ये एका अंकाची चूक राहिली होती. वीज सुरू होण्याच्या क्षणी नोंदींचा आकडा नेमका ३२० असला, अथवा त्यापुढे २५६ च्या पटीने वाढलेला, म्हणजे ५७६, ८३२ असा असला, तर फर्मवेअर नोंदवहीच्या बाहेरील जागेकडे बोट दाखवी. मात्र एवढ्यानेच डिस्क बंद पडत नसे. कारखान्यात तपासणी होताना विशिष्ट प्रकारच्या तपासणी-यंत्राने राखीव पट्ट्यांवर विशिष्ट मजकूर मागे ठेवलेला असला, तरच हा दोष प्रकट होई. एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन डिस्कांपैकी एक बंद पडे व दुसरी वर्षानुवर्षे चाले, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो.

दोष घडला की फर्मवेअरला तो समजे. आपला हिशेब चुकला आहे हे ओळखून, अधिक नुकसान होऊ नये म्हणून, ते जागच्या जागी थांबे. ही योजना संरक्षणासाठीच केलेली होती. परंतु थांबलेल्या फर्मवेअरला नोंदींचा आकडा पुढे नेता येत नसे. आणि आकडा पुढे गेला नाही म्हणजे पुढच्या खेपेस वीज देताच पुन्हा तोच आकडा, पुन्हा तीच चूक, पुन्हा तेच थांबणे. अशा रीतीने संरक्षणासाठी केलेली योजनाच डिस्कला कायमची जखडून टाकी. ह्या साऱ्या प्रकारात वापरणाऱ्याच्या मजकुराला यत्किंचितही धक्का लागलेला नसे. त्याचे लेख, छायाचित्रे, हिशेब चकत्यांवर जसेच्या तसे असत.

४

नादुरुस्त डिस्कचा सर्किट बोर्ड काढून त्या जागी तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड बसविणे, हा दुरुस्तीचा जुना व लोकप्रिय उपाय येथे निरुपयोगी होता. कारण दोष बोर्डावर नव्हता, चकत्यांवरील नोंदवहीच्या हिशेबात होता. नवा बोर्डही तीच नोंदवही वाचून तेथेच थांबे.

खरा उपाय सापडला तो कंपनीबाहेरच्या जाणत्या हौशी कारागिरांना. डिस्कच्या मागील बाजूस, नेहमीच्या जोडणीशेजारी, काही छोट्या पिना असतात. कारखान्यातील तंत्रज्ञांना प्रोसेसरशी थेट बोलता यावे म्हणून ठेवलेला तो दरवाजा होय. दळणवळणाची पद्धत मात्र जुनीच, १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आर.एस.-२३२ ह्या मानकाच्या घराण्यातली होती. केवळ विद्युद्दाबात फरक असल्यामुळे मध्ये एक परिवर्तक जोडावा लागे. त्यासाठी कित्येकांनी जुन्या मोबाइल फोनची डेटा केबल कापून वापरली. सेकंदाला ३८,४०० बिट ह्या वेगाने जोडणी केली, की डिस्ककडून एक छोटासा प्रॉम्प्ट पडद्यावर येई.

अडचण अशी की जखडलेली डिस्क ह्या दारातूनही उत्तर देत नसे. ती सुरू होताच नोंदवही वाचून थांबलेली असे. ह्यावर शोधलेली युक्ती साधी व मार्मिक आहे. बोर्डाचे स्क्रू सैल करून बोर्ड आणि मोटरचे संपर्कबिंदू ह्यांच्यामध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवावयाचा. आता वीज दिली तरी चकती फिरत नाही. चकती फिरत नाही म्हणून नोंदवही वाचली जात नाही. आणि नोंदवही वाचली न गेल्यामुळे प्रोसेसर थांबत नाही. तो दारातून उत्तर देऊ लागतो. मग मोटर थांबविण्याची आज्ञा द्यावयाची, वीज चालू असतानाच सावधपणे कागद काढून स्क्रू पुन्हा आवळावयाचे, आणि मोटर फिरविण्याची आज्ञा द्यावयाची. आता चकती फिरते, परंतु आरंभीचे ते घातक वाचन टळलेले असते. त्यानंतर डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदी पुसावयाच्या, वीज बंद करून पुन्हा द्यावयाची, आणि शेवटी एका लांबलचक आज्ञेने पत्त्यांचा तक्ता नव्याने बांधून घ्यावयाचा. ज्या डिस्कची क्षमता शून्य दिसे, तिच्या बाबतीत कागदाची गरज नसे. हा तक्ता पुन्हा बांधणे पुरे होई.

हे काम धोक्याचे होते, हे नमूद केले पाहिजे. आज्ञेतील एखादा आकडा चुकला तर तक्ता चुकीचा बांधला जाण्याची भीती होती, आणि तसे झाल्यास शाबूत असलेला मजकूर खरोखरच दुरावला असता. म्हणून डिस्क जागी झाली की प्रथम सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घ्यावा आणि मगच फर्मवेअर बदलावे, असा क्रम जाणते लोक आग्रहाने सांगत.

५

कंपनीने जानेवारी २००९ मध्ये दोष मान्य केला. डिस्कच्या अनुक्रमांकावरून ती सदोष गटातील आहे की नाही हे पाहण्याची सोय केली, सुधारलेले फर्मवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिले, आणि ह्या दोषामुळे मजकूर अडकलेल्यांना तो विनामूल्य काढून देण्याची तयारी दर्शविली. घाईत तयार केलेले पहिले सुधारित फर्मवेअर ५०० गिगाबाइटच्या काही डिस्कांना मानवले नाही. चालू असलेल्या डिस्का त्यामुळे बंद पडल्या, आणि ते मागे घेऊन कंपनीला पुन्हा नवे द्यावे लागले. शिवाय सुधारलेले फर्मवेअर केवळ चालत्या डिस्कलाच देता येई. जी आज्ञाच स्वीकारीत नाही, तिला औषध पाजावे कसे? ह्याच कारणामुळे कागदाच्या तुकड्याची ती पद्धत कंपनीच्या उपायानंतरही दीर्घकाळ उपयोगी राहिली.

६

हा प्रकार अपवादात्मक होता असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१२ मध्ये क्रुशल कंपनीच्या एम ४ ह्या सॉलिड स्टेट डिस्कमध्ये, एकूण वापराचे ५,१८४ तास पुरे झाल्यावर ती प्रतिसाद देणे थांबविते, असा दोष आढळून दुरुस्त झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ ह्या कंपनीने जाहीर केले की, आपल्या काही सॉलिड स्टेट डिस्का ३२,७६८ तासांच्या वापरानंतर बंद पडतील, आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही व मजकूरही नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. येथेही मूळ आकड्याच्या मर्यादेतच होते. एकाच दिवशी एकत्र बसविलेल्या डिस्का जवळजवळ एकाच तासाला बंद पडणार, म्हणजे मूळ प्रत व तिची जोडप्रत दोन्ही एकदम जाणार, हा त्यातील विशेष धोका होता.

ह्या तुलनेवरून एक भेद स्पष्ट होतो. नष्ट झालेला अभिलेख आणि अप्राप्य झालेला अभिलेख ह्यांत फरक केला पाहिजे. मोडी वाचणारा मिळाला नाही म्हणून दप्तर नष्ट झाले असे कोणी म्हणत नाही. ते वाचकाची वाट पाहत पडून राहते. बॅराकुडाच्या डिस्का ह्याच जातीच्या होत्या. मृत समजून ज्या टाकून दिल्या गेल्या, त्यांतील मजकूर टाकतेवेळी शाबूत होता. उलटपक्षी ३२,७६८ तासांच्या डिस्कांना आत शिरण्याचा असा मार्ग वापरणाऱ्यापाशी नव्हता. दोन प्रकरणांतील अंतर दोषाच्या तीव्रतेत तितकेसे नाही. दुरुस्तीची वाट खुली होती की बंद, ह्यात ते आहे.

तात्पर्य, जे संग्रह आज हार्ड डिस्कांवर विसंबून आहेत, त्यांच्या व्यवस्थापकांनी तीन गोष्टींची काळजी घेणे इष्ट होय. एकाच मजकुराच्या प्रती एकाच मालिकेच्या, एकाच वेळी घेतलेल्या डिस्कांवर ठेवू नयेत. प्रत्येक डिस्कच्या नोंदीत तिच्या फर्मवेअरची आवृत्ती लिहून ठेवावी. आणि निकामी झालेली डिस्क, तिचा दोष कोठे आहे हे निश्चित होईपर्यंत, टाकून देऊ नये. दुरुस्तीचे ज्ञान हे स्वतःच जतन करण्याजोगे आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. २००९ साली पुष्कळांचे अभिलेख परत मिळाले, ते कोणीतरी हे ज्ञान मिळवून पायरीपायरीने लिहून ठेवले होते म्हणून.