“रामदास” आगबोटीची अखेर

समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरांत आगबोटीचा इतिहास कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. परंतु सन १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत इंग्रजांकडे जाईपर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यासहि समुद्रकिनारा होता. आणि कोंकणचा जलप्रवास हा तर महाराष्ट्राच्या इतिहासाचाच भाग होय. शिवाय या हकीकतींत साधनसंग्राहकांनीं विचार करण्याजोगा एक मुद्दा आहे.

“रामदास” सन १९३६ मध्यें इंग्लंडांत स्वॉन हंटर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. ती सुमारें चारशें टनांची व १८० फूट लांबीची होती. ज्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या ती मालकीची होती, तीस किनाऱ्यावरील लोक “माझी आगबोट कंपनी” म्हणत. या नांवांत जशी स्वदेशीची भावना, तशी आगबोटीच्या नांवांत संतांविषयींची श्रद्धा दिसते. मुंबईंत पोटासाठीं राहणाऱ्या कुलाबा जिल्ह्यांतील माणसास रेवसची बोट म्हणजेच घरची वाट होती.

ता. १७ जुलै १९४७, गुरुवार रोजीं सकाळीं आठ वाजतां “रामदास” भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा सण असल्यामुळें घरीं जाणाऱ्यांची गर्दी होती. वाटेंत वादळी वारा व उंच लाटा यांनीं बोटीस गांठलें. पाणी आंत येतांच प्रवासी भयानें एका बाजूस धांवले, बोट कलंडली आणि काशाच्या खडकानजीक थोड्याच वेळांत बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. त्यामुळें ही वार्ता मुंबईस कळण्यास कित्येक तास लागले. जवळपास होड्या घेऊन आलेल्या कोळ्यांनीं अनेकांस वांचविलें. तरी सहाशेंहून अधिक जीव गेले.

आगबोट जुनी झाली होती म्हणून बुडाली, असें म्हणणें सोपें आहे. पण बांधणीचें वर्ष पाहतां तिचें वय अवघें अकरा वर्षांचें ठरतें. दुसरे कोणी अमावास्येस दोष देतात. परंतु ता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं “जयंती” व “तुकाराम” या दोन आगबोटी याच किनाऱ्यावर एकाच दिवशीं बुडाल्या होत्या. तेव्हां दोष तिथीचा किंवा वयाचा नव्हे. पावसाळी समुद्र, प्रवाशांची दाटी व संदेशाच्या साधनाचा अभाव यांच्या संयोगाचा होय. वीस वर्षांपूर्वीचा धडा समोर असतां तो घेतला गेला नाहीं, हीच यांतील खरी खेदाची गोष्ट.

या घटनेनंतर एकोणतिसाव्या दिवशीं देश स्वतंत्र झाला, आणि त्या आनंदांत हें दुःख झांकलें गेलें. मृतांचे आंकडेहि छापील वृत्तांतांत निरनिराळे आढळतात. आंकडा चुकला तर तो पुढें दुरुस्त होऊं शकतो. नांव एकदां हरवलें म्हणजे मनुष्यच इतिहासांतून जातो. तीं नांवें घरोघरच्या पत्रांत, मनिऑर्डरीच्या पावत्यांत, श्राद्धतिथींच्या टिपणांत असावयाचीं. सनदा व बखरी जपणाऱ्या हातांनीं हे किरकोळ कागदहि रद्दींत जाऊं देऊं नयेत. समुद्रानें नेलेलीं माणसें परत येत नाहींत. पण त्यांचीं नांवें अद्यापि आपल्या हातीं येऊं शकतील.