मीठ, पाणी आणि प्रार्थना

तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांच्या हाती आला. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील फिरंगी अंमल संपला. त्या अंमलात रुजलेला धर्म मात्र राहिला, आणि त्याबरोबर चर्चच्या दाराशी असणारी पवित्र पाण्याची कुंडीही राहिली. आत जाणारा भाविक तीत बोटे भिजवून क्रुसाची खूण करतो. पाणी साधेच असते. धर्मगुरू त्यावर प्रार्थना म्हणतो व जुन्या विधीप्रमाणे त्यात मीठ मिसळतो. यरीहोचे नासके पाणी अलीशा संदेष्ट्याने मीठ टाकून निर्दोष केले, ही बायबलातील कथा त्यामागे आहे. मिठागरांच्या या किनाऱ्यावर ती फारशी समजावून सांगावी लागली नसावी!

हिंदू शेजाऱ्यास हे पाणी तीर्थासारखे भासणे स्वाभाविक होय. परंतु चर्चच्या मते ते स्वतः व्याधी हरणारे औषध नव्हे; बाप्तिस्म्याची आठवण होय. खुद्द बाप्तिस्म्याला तर निकडीच्या वेळी मंत्रित पाणीही लागत नाही. मूल मरणोन्मुख असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर कोणीही विहिरीच्या पाण्याने तो विधिवचन उच्चारून देऊ शकतो. ज्या गावी धर्मगुरू क्वचितच येई, तेथील आईला ही मुभा केवढा आधार वाटली असेल!

वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात वाजतगाजत आणले जाणारे ‘उंबराचे पाणी’ याहून निराळे. ते वधूवरांच्या स्नानाचे. त्याचे मूळ विधिग्रंथात नसून गावरूढीत आहे. १९६२-६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन प्रार्थनेच्या जागी मराठी आली, आणि मीठ घालणे ऐच्छिक झाले.