पाटाच्या तोंडची माती



आमच्या खालच्या खाचराला नाल्याचं पाणी येतं आणि नाल्याच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. भात जोमदार येतं, म्हणून मी कधी शंका घेतली नाही. पण जपानच्या जिंझू नदीचा इतिहास वाचला आणि झोप उडाली.

ही नदी तोयामा भागातली. वर डोंगरात कामिओकाची जस्ताची खाण होती. खाणीच्या सांडपाण्यातून कॅडमियम नदीत आलं. नदीतून पाटात, पाटातून खाचरात आणि तिथून दाण्यात. लोक तोच भात रोज खायचे, नदीचंच पाणी प्यायचे. वर्षानुवर्षं खाऊन मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. जास्त भोगलं ते चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांनी. नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडायची. त्या 'इताई, इताई' असं कण्हायच्या, आपल्या बाया 'आई गं' म्हणतात तसं. रोगाचं नावही इताई-इताईच पडलं.

तिथले डॉक्टर नोबोरू हागिनो यांना आधी अतिकष्ट आणि कुपोषण हेच कारण वाटलं होतं. पण रोगी सापडत होते ते जिंझूचं पाणी घेणाऱ्या गावांतच. 1961 साली त्यांनी आणि शेतीतज्ज्ञ किनइची योशिओका यांनी कॅडमियमकडे बोट दाखवलं. 1968 मध्ये सरकारनं मान्य केलं, 1972 मध्ये रोगी वरच्या कोर्टातही जिंकले. आणि जमीन? सुमारे 860 हेक्टरमधली खराब माती खाली गाडून वर चांगली माती पसरायची, हे काम 1979 ला सुरू झालं ते 2012 ला संपलं.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. पाणी खाचरात शिरतं तिथं गाळ बसतो, धातूही तिथंच जास्त साचतो. आपण मातीचा नमुना घेताना नेमकी पाटाजवळची जागा सोडतो. खतासाठी ते बरोबर, पण यासाठी तोंडची माती वेगळी घ्या. नेहमीच्या तपासणीत कॅडमियम बघत नाहीत, ते वेगळं सांगावं लागतं.

दुसरं, निसवण्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे खाचरात पाणी उभं ठेवलं तर दाण्यात कॅडमियम कमी उतरतं. मात्र जमिनीत आर्सेनिक असेल तर तेच पाणी ते वाढवतं. म्हणून आधी तपासणी.

त्या खाचराचा तांदूळ आमच्याच घरात शिजतो, नातवंडं खातात. उद्या सकाळी तोंडची माती काढतोय. अहवाल जसा येईल तसा इथं टाकीन.