बावीस अक्षरांची जागा

शाळेत इतिहास शिकवताना फिनिशियन लोकांना मी एका वाक्यात उरकत असे : दर्यावर्दी व्यापारी, ग्रीकांना अक्षरे देणारे. परवा त्यांच्या लिपीचा फाँट संगणकावर उतरवून घेतला. बिब्लॉसच्या अहिराम राजाची शवपेटी जिच्यात कोरली, तीच लिपी पडद्यावर!

यामागे मोठा वाद झाला होता. काही अभ्यासक म्हणत, हिब्रूचीही अक्षरे हीच बावीस. वेगळे संकेतांक कशाला, फाँट बदलला की झाले. पण फाँट नसलेल्या संगणकावर मग चौकोनी हिब्रूच दिसली असती. अखेर २००६ साली युनिकोडने फिनिशियनला स्वतंत्र जागा दिली.

आपल्या मोडीला ती २०१४ साली मिळाली. आजोबांची मोडी पत्रे माझ्या पेटीत आहेत, वाचता येत नाहीत. या वयात आता मोडी गिरवायला बसलो आहे.